आफ्रिकेतील सुतारमुंगी आणि तिच्या उपजातींचा गुंता

सहाराच्या दक्षिणेस दूरवर पसरलेल्या ज्या सुतारमुंगीला आज कॅम्पोनोटस मॅक्युलेटस म्हणतात, तिची पहिली नोंद कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने १७८२ साली ‘फॉर्मिका मॅक्युलेटा’ या नावाने केली. गुस्टाव मायरने १८६१ मध्ये कॅम्पोनोटस ही प्रजाती (अनेक जातींना सामावणारा गट, जीनस) स्थापल्यावर ती तिकडे वर्ग झाली. लांबसडक पायांच्या या मुंगीच्या उदराच्या दोन्ही अंगांना फिकट पिवळे ठिपके असतात. ‘सुतार’ म्हटले तरी ती बहुधा जमिनीतच घर करते आणि रात्री बाहेर पडते.

तिच्या वर्गीकरणाचा गुंता वाढला तो पुढे फोरेल, एमेरी आणि सान्ची या मुंगी-अभ्यासकांच्या काळात. थोडा रंग वेगळा, नडगीच्या आतल्या कडेला राठ केसांची रांग आहे किंवा नाही, एवढ्यावर मॅक्युलेटसखाली नवी उपजात आणि उपजातीखाली आणखी एक प्रकार नोंदवला जाई, त्यामुळे एकेका मुंगीचे नाव चार शब्दांचे होई. आजच्या नामकरण-नियमांत तीन शब्दांपलीकडच्या नावाला स्थान नाही. शिवाय एकाच वारुळात मोठ्या डोक्याचे दणकट कामकरी आणि अरुंद डोक्याचे लहान कामकरी एकत्र नांदतात. एका ठिकाणचा मोठा आणि दुसऱ्या ठिकाणचा लहान कामकरी शेजारी ठेवून केलेली तुलना फसवीच ठरणार.

माझ्या मते खरी कसोटी भूगोलाची आहे. उपजाती म्हणजे एकाच जातीचे वेगवेगळ्या प्रदेशांत राहणारे गट, जे सीमेवर एकमेकांत मिसळतात. दोन ‘उपजाती’ एकाच माळरानावर, न मिसळता, पिढ्यान्‌पिढ्या राहत असतील तर त्या स्वतंत्र जातीच मानायला हव्यात, आणि मॅक्युलेटसखालची अनेक नावे पुढे खरोखरच जातीच्या दर्जाला नेली गेली. आपल्या अंगणातला काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, हाही फोरेलने एके काळी याच आफ्रिकी मुंगीचा एक वंश धरला होता.

उरलेल्या उपजातींचे नकाशे पाहताना मात्र सावध राहावे लागते, कारण नकाशावरचा ठिपका संग्राहक कुठे पोहोचला ते सांगतो. मुंगी कुठवर पसरली आहे ते त्यावरून ठरत नाही. नदीकाठ, रेल्वेमार्ग आणि जुनी ठाणी यांच्याभोवती नोंदी दाटतात. एकाच वारुळातील लहान-मोठे कामकरी, शक्य असल्यास राणी आणि नरांसह, जागेच्या व अधिवासाच्या नोंदीसकट गोळा झाले, तरच कोणते नाव टिकते हे तपासता येईल.