कणकुंबी परिसर : दोन समुद्रांना पाणी देणारे जंगल

बेळगावहून पश्चिमेला निघाल्यावर आधी राकसकोप पाहावे. बैलूरच्या डोंगरात उगम पावणारी मार्कंडेय नदी इथे अडवली असून शहराला नळाने येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग याच जलाशयातला आहे. पुढे ही नदी गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. पाऊस सरल्यावर तलाव काठोकाठ भरलेला असतो, मात्र पाण्यात उतरू नये.

खरी गंमत जांबोटीच्या पुढे, कणकुंबीला आहे. माउली देवीच्या मंदिरालगतचे कुंड हे मलप्रभेचे उगमस्थान. तिथून ती खानापूरवरून सौंदत्तीकडे आणि शेवटी कूडलसंगमाला कृष्णेत जाते, म्हणजे तिचे पाणी बंगालच्या उपसागराचे. त्याच गावच्या शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेला वळून म्हादईला मिळतो, आणि म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्र गाठते. या दोन पाण्यांमधली सीमा सहज ओळखू येत नाही. जांभ्या दगडाचा चढ आणि दाट झाडी एवढेच दिसते. नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवण्याची कल्पना या जवळिकीतूनच निघाली, आणि गोवा-कर्नाटक वादाचे मूळही तेच. म्हादई पाणीवाटप लवादाने 2018 मध्ये कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांवरच्या योजनेसाठी कर्नाटकाला 3.9 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, तरी वाद मिटलेला नाही. गावातल्या कट्टयावर हा विषय काढल्यास चहा थंड होईपर्यंत उठता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कणकुंबीच्या दक्षिणेला भीमगड अभयारण्य पसरले आहे. 2011 मध्ये घोषित झालेल्या या जंगलातच म्हादईचा उगम असून बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे दुर्मीळ वटवाघूळ राहते. भीमगड किल्ला, वज्रपोहा धबधबा किंवा गुहा यांपैकी कुठेही वन खात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये. ती मिळेल या भरवशावर निघण्याऐवजी खानापूरला आधीच चौकशी करावी. पावसाळ्यात ओढे फुगून गवाळी, कोंगळासारख्या गावांचा संपर्क तुटतो, म्हणून बाहेरच्या माणसाने ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. सुरुवातीला ओलसर वाटांवर जळवा असतात. पायमोज्यांना तंबाखूचे पाणी लावण्याचा गावकऱ्यांचा उपाय चालतो, नाहीतर मिठाची पुडी खिशात असावी. मोबाईलला रेंज नसल्याने नकाशा आधीच उतरवून घ्यावा. वाट विचारायला मराठी पुरते. पेट्रोल बेळगाव किंवा खानापुरातच भरावे, आणि चोर्ला घाटाकडे जाणार असल्यास अंधार पडण्यापूर्वी परतावे, कारण धुके उतरले की वळणे दिसत नाहीत आणि अवजड वाहने बरीच असतात.