आमची वाटचाल : डेव्हनमधल्या घरचे स्कोन

मी साताऱ्याची, नवरा नाशिकचा, आणि इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हन परगण्यात राहून आम्ही विकतो काय, तर इंग्रजांनाच स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचा त्यांचा पावासारखा छोटा केक! भांडवल फारसं लागलं नाही. घरच्या स्वयंपाकघरातून खाद्यपदार्थ विकायचे तर इथे विक्री सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, नोंदणी करावी लागते, आणि ती फुकट होते. नंतर तपासणी होते: फ्रिजचं तापमान, सफाई, अ‍ॅलर्जी करणाऱ्या १४ घटकांची माहिती गिऱ्हाईकाला कशी देता, सगळं बघतात.

कृती अवघड नाही. २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा), ५५ ग्रॅम थंडगार लोणी, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि साधारण १५० मिली दूध. अंडं आम्ही घालत नाही. वरून चकाकीलाही दूधच लावतो, त्यामुळे शाकाहारी मंडळी निर्धास्त खातात. लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं, दूध घालून गोळा जेमतेम जमला की हात काढून घ्यायचा. कणीक तिंबून मऊ करायची आपली सवय इथे नडते, कारण मळाल तितका ग्लुटेन, म्हणजे पिठातला चिकटपणा, ताणला जातो आणि स्कोन चिवट होतो. जाडी अडीच सेंटिमीटर ठेवायची आणि साचा सरळ खाली दाबायचा. पिळून उचलला तर कडा चिकटून बसतात, स्कोन वाकडा फुगतो. २२० अंशांवर बारा-पंधरा मिनिटांत काम होतं. भारतातल्या नणंदेला सेल्फ-रेझिंग पीठ मिळत नाही. ती तेवढ्याच मैद्यात दोन छोटे चमचे (टीस्पून) बेकिंग पावडर घालते, छान होतात.

क्लॉटेड क्रीम, म्हणजे आपल्या दाट सायीचीच बहीण, आम्ही डेअरीतून आणतो. डेव्हनमध्ये आधी क्रीम मग जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये उलटं. गरम स्कोनवर क्रीम वितळतं, म्हणून मला कॉर्नवॉलची रीत पटते. बाजारात स्टॉलवर उभी असताना हे मी बोलत नाही.

खरी अडचण चवीची नव्हतीच. स्कोन म्हणजे त्या दिवसाचाच माल. टी-रूमवाले, म्हणजे इथले चहा-नाश्त्याची छोटी हॉटेलं चालवणारे, सकाळी घेतलेले स्कोन दुपारी चारच्या चहाला वाढणार आणि कोरडे लागले की नाव आमचं खराब होणार. एका टी-रूमने तर उरलेले दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिले! तेव्हापासून आम्ही टी-रूमना भाजलेला माल देणंच बंद केलं. आता कापलेले कच्चे स्कोन उणे १८ अंशांवर गोठवून देतो. ते लागतील तितकेच काढतात, गोठलेलेच ओव्हनमध्ये सरकवतात आणि चार-पाच मिनिटं जास्त भाजतात. गिऱ्हाईकाला ताजा मिळतो, त्यांचं वाया जात नाही, आणि मला पहाटे उठावं लागत नाही. तिसरा फायदा सगळ्यात मोठा, असं माझं प्रामाणिक मत.

इथला हंगाम ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत. पर्यटक गेले की टी-रूमही अर्धे दिवस बंद असतात. त्या महिन्यांत चेडर चीज आणि हिरव्या मिरचीचा स्कोन आम्हाला तारतो. तो सूपबरोबर खायला गावातलेच लोक नेतात, आणि मिरची आणखी घाला म्हणणारे बहुतेक इंग्रजच असतात. घरातला फ्रीझर आता पुरत नाही. गॅरेजमध्ये दुसरा बसवतोय, तो सुरू झाला की टी-रूमच्या नव्या ऑर्डरी घेऊ.