बॉनेटचं म्हणणं वेगळं होतं

पॉलिश लावून टपावर दोन मिनिटं घासलं असेल नसेल, तर हातातलं पांढरं फडकं लालभडक. आधी घाबरले, मग बरं वाटलं. फडक्याला रंग लागला म्हणजे या गाडीवर क्लिअर कोट नाही. रंग आणि चकाकी एकाच थरात आहेत. वरती पारदर्शक थर असता तर फडकं मळकं झालं असतं, लाल नाही. उन्हाने रंगाला धरून ठेवणारं रेझिन खाल्लं होतं आणि सुटा पडलेला लाल रंग खडूसारखा निघत होता.

गाडी 1996 सालची, साधी लाल हॅचबॅक. इंजिन ठणठणीत, पत्रा दोन ठिकाणी सोडला तर शाबूत, आणि रूप असं की सिग्नलला शेजारी थांबलेले लोक आधी गाडीकडे बघत आणि मग कणवेने माझ्याकडे. घरच्या शेडमध्ये मीच रंगवायची ठरवली.

धाकट्या भावाने कधी साधा पाटही रंगवलेला नाही, पण मतं त्याच्याकडे मुबलक. "ताई, सरळ टू-के मार. काचेसारखी दिसेल."

त्याचं चुकीचं नव्हतं. टू-के म्हणजे रंगात हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन. तो नुसता वाळत नाही, रासायनिक क्रियेने पक्का होतो. पेट्रोल सांडलं तरी ढिम्म. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते छातीत गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे किंचितशी वाफही सोसत नाही. वाफा शोषणाऱ्या काडतुसाचा मास्क लावून भागेल असं वाटतं, पण आयसोसायनेटचा वास नाकाला वेळेत कळत नाही, त्यामुळे काडतूस कधी संपलं याचा पत्ता लागत नाही. हे काम बाहेरून नळीने ताजी हवा पुरवणारा मास्क लावूनच करावं. माझ्या शेडची एक भिंत घराची, आणि तिला खिडकी. टू-के तिथेच बाद.

उरले दोन. सिंथेटिक इनॅमल आणि अॅक्रिलिक लॅकर.

इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू पक्कं होतं. चकाकी आपोआप येते, घासून आणावी लागत नाही, आणि थोडक्या हातांत काम होतं. पण ते तासन् तास चिकट राहतं, आणि माझ्या शेडमध्ये तासन् तास काय काय उडत असतं ते मला ठाऊक आहे. लॅकरचं तंत्र साधं: थिनर उडून गेला की वाळला. दहा-पंधरा मिनिटांत बोट लावून बघता येतं. धूळ बसली, ओघळ आला, तर घासा आणि त्याच दिवशी पुन्हा मारा. नवख्या हाताला याहून मोठी सवलत नाही. 1914 ते 1925 या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची. 1923 मध्ये ड्युको नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं आणि रंगीत गाड्या वाळायला जिथे आठवडे लागत तिथे काम तासांवर आलं. आपल्याकडे अजूनही कित्येक जण फवाऱ्याच्या कुठल्याही रंगाला ड्युकोच म्हणतात, ते त्यामुळे.

लॅकर ठरलं. पण ठरवणारी मी एकटी नव्हते, खालचा जुना रंगही होता. लॅकरचा थिनर तिखट. खाली इनॅमल असेल तर ते फुगतं, सुरकुततं, पापुद्रे सुटतात. म्हणून थिनरने भिजवलेलं फडकं पेट्रोलच्या झाकणाच्या आत दोन मिनिटं दाबून धरलं. काही नाही. भट्टीत भाजलेला मूळ रंग हलला नाही. दारं, मागचं दार, टप, सगळे पास. शेवटी बॉनेट. ते फडकं उचललं तर खाली रंगाला सुरकुत्या पडलेल्या. माझ्याआधी कुणीतरी बॉनेट वेगळं रंगवून घेतलं होतं आणि मला इतकी वर्षं त्याचा संशयही आला नव्हता. ही तपासणी केली नसती तर अख्खी गाडी छान आणि बॉनेट सुरकुतलेलं, असा देखावा झाला असता.

त्यामुळे बॉनेट पत्र्यापर्यंत सोलावं लागलं. दोन शनिवार गेले, मनगट गेलं. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, गंज वाट बघत असतो; म्हणून त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. पोचे भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, त्याच्यावर. लांबी पाणी पिते, त्यामुळे ती कोरडीच घासायची, आधी 80 नंबरच्या पेपरने, मग 180 ने. पाणी लावून घासणं फक्त शेवटच्या प्रायमरवर, 400 आणि 600 ने. त्याआधी प्रायमरवर काळ्या स्प्रेचा पुसट फवारा मारून ठेवला. घासल्यावर काळे ठिपके जिथे उरतात तिथे खड्डा. डोळ्याला सपाट दिसलेल्या डाव्या दारावर काळी नक्षीच उरली होती.

रंगाची शेड कोणती, यावर घरात बरीच चर्चा झाली. मला क्षणभर चंदेरीचा मोह झाला. पण मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमचे कण असतात, आणि हात कुठे जवळ, कुठे लांब गेला की ते वेगवेगळे बसतात. मग ढगाळ डाग दिसतात आणि वरून क्लिअरही हवाच. शिवाय रंग बदलायचा तर दारांच्या कडा, डिकीचं आतलं अंग, इंजिनभोवतीचा पत्रा, सगळंच बदलायला हवं, नाहीतर दार उघडलं की दुसरीच गाडी. मी इंजिनाच्या खणातल्या पट्टीवरचा रंगाचा कोड घेतला आणि तोच लाल मिसळून आणला. एखादंच दार रंगवायचं असतं तर हा कोड फसवा ठरला असता, कारण तो नव्या गाडीचा रंग, उन्हात विटलेल्या गाडीचा नव्हे.

झाकपाक, कागद, टेप यावर लिहिण्यासारखं काही नाही. कंटाळवाणं आहे, करावं लागतं. एकच सांगते: शेडमध्ये डॅशबोर्डचं पॉलिश वापरू नका. त्यात सिलिकॉन असतं. मी महिनाभरापूर्वी तिथेच ते फवारलं होतं, आणि उजव्या मडगार्डवर रंग पडताच माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे उमटले. पुसलं, घासलं, तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने दोन वेगळ्या फडक्यांनी, एक ओलं, एक कोरडं, पुन्हा पुसलं. मग रंग धरला.

गनचं तोंड 1.4 मिलिमीटरचं, अंतर वीतभर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. गाडीला सहा पातळ हात. लॅकरमध्ये आयसोसायनेट नसलं तरी त्याच्या वाफा पेट घेणाऱ्या असतात, म्हणून कंप्रेसर बाहेर, दोन्ही दारं उघडी, सेंद्रिय वाफांचा मास्क तोंडावर.

तिसऱ्या हाताला पाऊस पडून गेलेली संध्याकाळ होती. घाईत मी टप मारला आणि लाल रंग डोळ्यांदेखत दुधाळ झाला. थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्या ओल्या रंगावर साचतं आणि आत अडकतं. मी शेडच्या पायरीवर बसून भावाला फोन केला. तो म्हणाला, "बघ, टू-के मारलं असतंस तर..." मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कोरड्या उन्हात, सावकाश उडणारा थिनर मिसळून वरून एक हलका हात दिला, आणि दुधाळपणा विरघळून गेला. लॅकर मला तिथे पुन्हा आवडलं.

दोन आठवडे सोडून 1500 आणि 2000 ने पाण्यासोबत घासलं, कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणायची पेस्ट, मारलं. सहा फुटांवरून बघाल तर कौतुक कराल. दोन फुटांवरून डाव्या मागच्या दाराखाली एक ओघळ सापडेल. तो मी मुद्दाम घासला नाही, तिथे थर आधीच पातळ आहे.

लॅकरची खोड मात्र समोर आली. परवा पेट्रोल भरताना नळीचे दोन थेंब झाकणाखाली ओघळले आणि घरी येईपर्यंत तिथली चकाकी गेली. आता डिकीत एक फडकं आणि कंपाउंडची छोटी डबी कायमची असते. रविवारी पाच मिनिटं घासते. फडकं अजून लाल होतं.