तुम्ही विचारलेत म्हणून: ‘रोज नेमकं करतेस तरी काय?’

गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत आत्येसासूबाईंनी मला विचारले, “ते कॉम्प्युटरचं बिनपगारी काम अजून चालू आहे का गं तुझं? रोज करतेस म्हणजे नेमकं करतेस तरी काय?” जिलबी वाढणारा समोर उभा असल्यामुळे मी हसून वेळ मारून नेली. पण हाच प्रश्न कचेरीतले सहकारी, मुलीच्या शाळेतल्या शिक्षिका आणि अधूनमधून खुद्द माझे यजमानही विचारतात, म्हणून एकदा सविस्तर उत्तर लिहून ठेवावे असे ठरवले.

मी नाशिकला एका कारखान्याच्या संगणक विभागात नोकरी करते आणि घर त्या पगारावर चालते. त्याखेरीज सकाळी पाऊण तास आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर तास-दीड तास मी मराठी शुद्धलेखन तपासणीचा एक मुक्त शब्दसंग्रह सांभाळते. लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये किंवा फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये मराठी लिहिताना चुकीच्या शब्दाखाली जी लाल नागमोडी रेघ उमटते, ती उमटवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव हनस्पेल. लाझ्लो नेमेथ या हंगेरियन गृहस्थांनी तो मुळात आपल्या भाषेसाठी रचला. हा प्रोग्रॅम कोणतीच भाषा स्वतः जाणत नाही. त्याला दोन फाइली पुरवाव्या लागतात, एकीत शब्द आणि दुसरीत त्या शब्दांना प्रत्यय कसे लागतात याचे नियम. माझे सारे काम या दोन फाइलींत चालते.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे धावताहेत आणि मी वेगाने काहीतरी टंकत आहे, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात दूध तापेपर्यंत मी आलेल्या तक्रारी वाचते आणि पुष्कळदा एका शब्दाकडे बघत बसते.

उदाहरणार्थ ‘फकीर’ आणि ‘शरीर’ हे दोन शब्द घ्या. दोन्ही ‘ईर’ने संपतात, दोन्हींना ‘ला’ लावायचा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे जे चौदा लेखननियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि ज्यांत १९७२ साली आणखी चारांची भर पडली, त्यांनुसार सामान्यरूप होताना उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, दीर्घ इकार ऱ्हस्व होतो, म्हणून ‘फकिराला’. पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द या नियमाला अपवाद, म्हणून ‘शरीराला’. शब्दाचे कूळ त्याच्या अक्षरांवर लिहिलेले नसते आणि हनस्पेलला संस्कृत व फारसी यांतला फरक कळण्याचे कारण नाही. त्यामुळे शब्दांच्या फाइलीत ‘फकीर’पुढे तिरपी रेघ देऊन एका गटाची खूण लावावी लागते, ‘शरीर’पुढे दुसऱ्या गटाची, आणि ती खूण कोणीतरी माणसाने कोश उघडून, खात्री करून लावावी लागते. खूण चुकली की त्या शब्दाची शेकडो रूपे एकदम चुकतात. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला की हे तर शाळामास्तरांचे काम झाले. झाले खरे.

मराठीची दुसरी अडचण प्रत्ययांच्या माळेची. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द आहे, आणि त्यात घर, समोर, चा, ना आणि सुद्धा असे पाच डबे एकामागोमाग जोडलेले आहेत. हनस्पेल शब्दाच्या शेवटून दोन प्रत्यय काढून पाहतो, त्यापुढे जात नाही. तेव्हा ‘समोरच्यांना’ हा अख्खा तुकडा एकच प्रत्यय असल्याचे भासवून ‘सुद्धा’ दुसरा धरावा लागतो, आणि असे बनावट तुकडे समोर, मागे, शेजारी, वर, खाली अशा प्रत्येकासाठी वेगळे तयार करावे लागतात. त्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. नियमांची फाइल तो तयार करतो. मला अभिमान वाटावा असे ते एकमेव कोडिंग असून वर्षभरात मी त्यातल्या वीस ओळीसुद्धा बदललेल्या नाहीत.

वेळ कुठे जातो ते सांगायचे तर ‘पिक’ची हकिकत सांगावी लागेल. तीन वर्षांपूर्वी मी संस्कृत शब्दांची एक यादी फारशी न चाळता आत घेतली. तिच्यात ‘पिक’ होता. पिक म्हणजे कोकिळ, शब्द निर्दोष. नवी आवृत्ती बाहेर पडली, महिना गेला आणि एका तालुक्याच्या गावातल्या शिक्षकांचे पत्र आले. ते शेजाऱ्यांना अर्ज लिहून देतात. त्यांचे म्हणणे असे, की पूर्वी ‘पिक विमा’ लिहिले की लाल रेघ येत असे आणि ते ‘पीक विमा’ करत; आता रेघ येत नाही, तर नियम बदलला आहे काय? मला घाम फुटला. शेतातले ते पीक. ‘पिकाचा’, ‘पिकाला’ यांत ‘पि’ ऱ्हस्व होतो म्हणून मूळ शब्दही लोक ऱ्हस्व लिहितात, आणि फलकांपासून अर्जांपर्यंत ही चूक सर्वत्र दिसते. माझ्या कोकिळेने ती चूक झाकून टाकली होती. शब्दसंग्रहात एखादा शब्द नसेल तर लिहिणारा चिडतो आणि कळवतो. नको तो शब्द आत असेल तर कोणीच काही बोलत नाही, कारण कोणाला काही दिसतच नाही. त्या शिक्षकांसारखा एखादाच.

मी त्याच रात्री ‘पिक’ काढला, तपासणीच्या ‘चूक ठरलेच पाहिजेत’ अशा शब्दांच्या यादीत तो टाकला आणि दुरुस्त आवृत्ती सोडली. आता कोणताही बदल केला की आधी ही यादी आणि ‘बरोबर ठरलेच पाहिजेत’ ही दुसरी यादी, दोन्ही आपोआप तपासल्या जातात. प्रकरण मिटले असे वाटत असतानाच एका कवींचे पत्र आले. त्यांच्या कवितेत पिक होता, त्याखाली लाल रेघ होती, आणि जी भाषा आपले जुने शब्द अशुद्ध ठरवते तिचे काय होणार, अशी त्यांची पृच्छा होती. पत्र सुंदर होते. उत्तर लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या, कारण त्यांचे चुकले नव्हते. जे शब्द बरोबर असूनही बहुधा चुकून लिहिले जातात, त्यांच्यासाठी हनस्पेलमध्ये एक वेगळी खूण आहे आणि कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून प्रोग्रॅम चालवताना, विशिष्ट पर्याय दिला तर तसे शब्द निराळे दिसतात. पण कवी कमांड लाइनवर कविता तपासत नाहीत. शेवटी मी त्यांना कळवले की आपण शब्दावर उजवी टिचकी देऊन तो आपल्या वैयक्तिक शब्दकोशात जोडावा, म्हणजे आपल्या संगणकावर कोकिळ सुखाने राहील आणि शेतकऱ्याच्या अर्जात शिरणार नाही. त्यांनी एका ओळीत उत्तर दिले: “पटले नाही, पण समजले.” त्या वर्षी आलेल्या पत्रांत मला सर्वांत आवडलेले पत्र हेच.

शब्द आणायचे कुठून, हाही रोजचा प्रश्न. एका उत्साही विद्यार्थ्याने एकदा चाळीस हजार शब्दांची फाइल पाठवली. ती एका विक्रीस असलेल्या कोशावरून उतरवलेली होती आणि त्या कोशाचे हक्क जिवंत होते, म्हणून मी ती परत केली, मुलगा हिरमुसला. मग आम्ही दोघांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश धरला. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, हक्क केव्हाच संपलेले. परंतु ते लेखन १९६२च्या नियमांआधी शंभर वर्षांचे: ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार जागोजागी. ते उतरवत, आज कोणी वापरत नाही असे शब्द बाजूला काढत आम्ही दर रविवारी दोन पाने करतो. सध्या ‘ग’ चालू आहे. विद्यार्थ्याला नोकरी लागली तर ‘ज्ञ’पर्यंत मी एकटीच जाईन असे दिसते.

पैशांचे लवकर सांगते. मुक्त म्हणजे फुकट नव्हे; मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू हा मुक्त प्रोग्रॅमांचा प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून अर्थ हाच आहे, की प्रोग्रॅम वापरण्याची, उघडून पाहण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक हवी. विकायलाही बंदी नाही. माझा शब्दसंग्रह कोणी विकत घेत नाही, एवढेच. क्वचित एखाद्या कचेरीतून ‘सदर त्रुटी तातडीने दूर करून अहवाल सादर करावा’ असा मेल येतो. अशा वेळी मी आधी झोपून घेते आणि सकाळी उत्तर लिहिते. ही शिस्त अंगी बाणायला मला दोन वर्षे लागली.

आजच्या रात्रीचे काम ठरलेले आहे. ‘पुऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला आडवा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: काही कळफलक नुक्त्याचा ऱ वापरतात, तर काही साध्या र्‌ नंतर एक अदृश्य जोडखूण घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, हनस्पेलला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यांना एका रूपात आणणारा तक्ता मी कधीच घातलेला आहे. तरीही काल एका केटरिंगवाल्यांनी कळवले आहे की त्यांच्या दरपत्रकात ‘आचाऱ्याला’ या शब्दाखाली रेघ येते आणि बदली म्हणून ‘आचार्याला’ सुचवला जातो. जोडखूण दोनदा पडली असावी असा माझा कयास आहे, पण मूळ फाइल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून ती मागवली आहे. लग्नसराई जवळ आली आहे. तोवर हे सुटले पाहिजे, नाहीतर कुणाच्या तरी पंगतीत आचार्यांच्या हाती झारा यायचा.