अन्नपूर्णा बेस कॅम्प: छोमरोंगच्या पायऱ्या, आयसी-एनसीचा गंडा आणि सातारा ओळखणारे बाजे

आधीच सांगतो, नेपाळातल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पचे फोटो बघायचे असतील तर ढिगानं मिळतील, मी पायऱ्यांबद्दल लिहिणार आहे. जायच्या आधी चार-पाच जणांना विचारलं, सगळ्यांचं एकच, "सोपा आहे रे, सज्जनगड चढतोस ना, मग झालं." एकानं पण वाटेतल्या छोमरोंग गावाचं नाव काढलं नाही. आम्ही दोघं साताऱ्याचे, दरवर्षी यवतेश्वरचा घाट पळणारे, त्यामुळं माज होता. तो माज तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला उतरला.

पण पहिला गंडा त्याच्या आधी, सोनौली बॉर्डरला. पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथनं बसनं बॉर्डर. आमच्याकडं पासपोर्ट होते, वोटर कार्डसुद्धा चालतं, नुसत्या आधारवर जाऊ नका. पलीकडं पाऊल टाकलं की तिकीटवाले अंगावर येतात. एकानं पोखऱ्याचा रेट सांगितला पंधराशे, आम्ही माणशी पंधराशे काढून दिले, त्यानं हसत घेतले. वर अर्धी रात्र त्या बसच्या मागच्या सीटवर उडत काढली, रस्ता म्हणजे आपल्या घाटाचं काम चालू असताना असतो तसला. हसला का ते पोखऱ्यात कळलं.

पोखऱ्याच्या जुन्या बाजारात चहा शोधत फिरत होतो तर एका बारक्या दुकानातनं आवाज आला, "आगं पण म्हशीला डॉक्टर दाखीवला का न्हाई?" आम्ही जागेवर थांबलो. आत खानापूर तालुक्यातले गलाईवाले पाहुणे, फोनवर घरी बोलत होते. आपल्या विटा-खानापूरकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरलीत हे माहिती होतं, पण नेपाळात भट्टीशेजारी बसून सांगलीची मराठी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सोनारांच्या दुकानातला झाडलेला कचरा विकत घ्यायचा आणि त्यातनं सोनं गाळून काढायचं, असा धंदा. पोरं शाळेत नेपाळी बोलतात, घरात मराठी, आणि गावच्या जत्रेला वर्षातनं एकदा जायचंच. बसचा विषय काढल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "आयसी का एनसी इचारलं न्हाई व्हय?" आयसी म्हंजे भारतीय, एनसी म्हंजे नेपाळी. आपला एक रुपया म्हंजे त्यांचे १.६०, म्हणजे पंधराशे नेपाळी म्हणजे आपले साधारण साडेनऊशे. दोघांचे मिळून अकराशे गेले. बॉर्डरपासून पोखऱ्यापर्यंत कुणीही आकडा सांगितला की पहिला प्रश्न हाच, आयसी का एनसी. आणि आपल्या शंभरच्या नोटा ठेवा, मोठ्या नोटांवर नखरे होतात. पाहुण्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत, उलट जीपवाल्याला फोन करून शेअरमध्ये दोन सीट ठरवून दिल्या. हॉटेलच्या काउंटरवरनं जीप रिझर्व करू नका, आम्हाला सांगितलेला रेट शेअरच्या सहापट होता.

ट्रेकचं परमिट पोखऱ्यातच काढा, सार्क देशवाल्यांना (म्हंजे आपल्याला पण) १००० नेपाळी, बाकी परदेशी लोकांना ३०००. गाईड घ्यायचा नियम २०२३ पासून आहे, आम्ही पोर्टर-कम-गाईड घेतला. पन्नाशीचा दाइ (म्हंजे दादा), दोघांच्या सॅका एकत्र बांधून पट्टा कपाळाला लावायचा (नाम्लो म्हणतात त्याला) आणि फोनवर बोलत आमच्या पुढं. जिनूच्या लांब झुलत्या पुलाच्या अलीकडपर्यंत जीप जाते, पुढं चालत छोमरोंग, उंची २१७० मीटर. जिनूवरनं चढ आहे, पण चढ म्हणून ठीक.

आता पायऱ्या. छोमरोंगला पोचलात की समोर पुढचं गाव सिनुवा दिसतं, हात लांब केला तर लागेल इतकं जवळ. मध्ये दरी. आधी दगडी पायऱ्यांनी खाली खोल्यापर्यंत, खोला म्हणजे ओढा, मग पलीकडं तेवढंच आणि थोडं जास्तच वर. अडीच हजार पायऱ्या सांगतात, मी मोजायला लागलो आणि सहाशेनंतर नाद सोडला. कुठली पायरी वीतभर, कुठली गुडघ्याएवढी, त्यात खेचरं आली की डोंगराच्या बाजूला चिकटायचं, दरीच्या बाजूला चुकूनसुद्धा नाही. माझा उजवा गुडघा उतरतानाच बोलायला लागला. आणि खरी मेख अशी की परत येताना हाच रस्ता आहे, म्हणजे बेस कॅम्प करून पाय गेलेत आणि शेवटी ही भिंत. दोन काठ्या पाहिजेतच, एक नाही, दोन. गुडघ्याची तक्रार असेल तर जाऊ नका, गोड बोलून सांगत नाही.

त्या पायऱ्यांवर एक कोरियन आजी भेटल्या, सत्तरीच्या पुढं नक्की, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, त्या परतीच्या वाटेवर वर चढत होत्या. मी कठड्यावर बसून शिव्या घालत होतो. त्यांनी काठी माझ्याकडं रोखली, "बिस्तारै", एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. हळूहळू. त्यांना तेवढंच नेपाळी येत असावं, पण ते पुरेसं होतं, मी पुढचा चढ त्या शब्दावर काढला.

आदल्या रात्री छोमरोंगच्या ज्या लॉजवर होतो तिथले बाजे, म्हणजे आजोबा, गोरखा रायफल्समधनं रिटायर झालेले गुरुंग. पेन्शन आणायला अजून पोखऱ्याच्या भारतीय पेन्शन ऑफिसला जातात. रजिस्टरमध्ये गाव बघून विचारलं, "सातारा? मराठा?" चुलते मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते म्हटल्यावर गडी ताठ उभा राहिला आणि "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" अशी काय आरोळी ठोकली की किचनमधल्या दिदी पळत बाहेर. कुठल्यातरी पोस्टवर शेजारी मराठा पलटण होती, तिथनं एवढं आणि "जेवला का" एवढं मराठी उरलं होतं. मी आमच्याकडच्या अपशिंगे मिलिटरी गावाचं सांगितलं, घरटी एक फौजी. ते म्हणाले इथं पण तसंच होतं, होतं म्हणाले. अग्निपथनंतर २०२२ पासून नेपाळनं भारतीय फौजेतली गोरखा भरती थांबवलीय, नातू जपानला गेला. आपल्याकडं भरतीसाठी पहाटे हायवेच्या कडेनं पळणारी पोरं आठवली, काय बोलायचं कळलं नाही, मग शेंगदाण्याची चटणी काढली. दाल-भातावर त्यांनी ती अशी घेतली की डबा तिथंच निम्मा.

दाल-भातच खा, परत परत वाढतात, बाकी मेनू वर जाईल तसा महाग होत जातो, चार्जिंगचे आणि गरम पाण्याचे वेगळे. रूम स्वस्त, पण जेवण तिथंच करायचं हे धरूनच. पुढं मटण-चिकन नेऊ देत नाहीत, देवाचा डोंगर आहे. पुढचे टप्पे बांबू, दोवान, हिमालय, देउराली, चालत राहायचं. देउरालीच्या पुढचा पट्टा हिमकडे कोसळण्याचा, तो पहाटे लवकर ओलांडा. बेस कॅम्प ४१३० मीटर, भारी आहे, थंडीनं फोन बंद पडला.

परतीला त्या भिंतीवर मला दोन तास दहा मिनिटं लागली. वर बाजे घड्याळ बघत बसलेले, "सातारा लेट", आणि हात पुढं केला, चटणीसाठी. डबा सिनुवालाच संपला होता. या नोव्हेंबरात कुणी त्या बाजूला जाणार असेल तर सांगा, अर्धा किलो पाठवायची आहे, लॉज कुठलं ते तेव्हा सांगतो.