कीर्तनाचा सर्व्हर, महिना पाचवा

मागच्या वेळी म्हणलो होतो की आता फक्त स्टोरेज वाढवलं की झालं. कशाचं काय! स्टोरेजचा प्रश्नच नव्हता, ते ह्या महिन्याचं बिल बघून कळलं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, अंबाजोगाईच्या आसपासच्या गावातली सप्त्यातली कीर्तनं, भारुडं मोबाईलवर शूट करून मी पिअरट्यूबवर टाकायलो, जाहिराती नाहीत, खर्च माझ्या खिशातून. पिअरट्यूब म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर यूट्यूबसारखी व्हिडिओ साईट चालवायचं, फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेचं फुकटातलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर.

तर हिशोब असा. मोबाईलचं १०८० चं रेकॉर्डिंग साधारण १७ एमबीपीएसनं (सेकंदाला १७ मेगाबिट) होतं, म्हणजे दोन तासाचं कीर्तन १५ जीबी. ते ७२० ला दीड एमबीपीएसवर आणलं की १.३५ जीबी, ठेवायला काहीच नाही. पण काल्याचं कीर्तन २०० जणांनी पूर्ण बघितलं की २७० जीबी बाहेर जातो, आणि मोठ्या क्लाऊडवाल्यांकडं मुंबईतून जीबीमागं नऊ-दहा रुपये लागतात. एका कीर्तनाचे अडीच हजार! म्हणून आता युरोपातला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा छोटा सर्व्हर, घेतलाय, तिथं बाहेर जाणारा कित्येक टीबी डेटा पॅकेजमधेच येतो. सर्व्हर लांब असल्यानं लेटन्सी वाढली, व्हिडिओ सुरू व्हायला जरा वेळ लागतो, पण कीर्तन वेळेवर कुठं सुरू होतं आपल्याकडं.

पिअरट्यूबचं पीटूपी, म्हणजे बघणारेच एकमेकांना तुकडे देणार, त्याच्यावर मी लई भरोसा ठेवला होता. पण एकतर लोक एकाच वेळी बघत नाहीत, कुणी सकाळी धारा काढताना तर कुणी रात्री जेवून, आणि सगळे मोबाईल डाटावर, सीजीनॅटच्या मागं (कंपनी एकच आयपी पत्ता अनेक फोनांना वाटून देते), त्यामुळं फोन टू फोन कनेक्शन बऱ्याचदा लागतच नाही. फायदा जवळजवळ शून्य.

ट्रान्सकोडिंग, म्हणजे मोठी फाईल लहान करायचं काम, मात्र जमलं. स्वस्त व्हीपीएसचा सीपीयू एका फाईलीतच घामाघूम व्हायचा. पिअरट्यूबच्या ५.२ आवृत्तीपासून रिमोट रनर आलाय, म्हणजे हेच काम (एन्कोडिंग) दुसऱ्या मशीनवर करता येतं, तर घरातला जुना डेस्कटॉप त्याला लावला. रनर स्वतःहून सर्व्हरला काम विचारतो, त्यामुळं घरी स्टॅटिक आयपी (कायमचा इंटरनेट पत्ता) लागत नाही. अडचण लाईटीची. दीड तास एन्कोड झालं अन् लाईट गेली की परत पहिल्यापासून. शेवटी इन्व्हर्टरवरचा हॉलचा फॅन काढून तिथं डेस्कटॉप जोडला, आई अजून बोलायली.

एक मजेशीर गोष्ट कळली. कीर्तनात महाराज एका जागी उभे, मागं टाळकरी, मागचा पडदा तोच, त्यामुळं एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममधे बदल कमी अन् दीड एमबीपीएसला पण चित्र स्वच्छ. तेच दिंडी टाकली, पताका हलायल्या, गुलाल उडायलाय, की सगळे चौकोन चौकोन दिसतात. दिंडीला तीन एमबीपीएस तरी लागतात. आता प्रत्येक व्हिडिओला एकच बिटरेट (एमबीपीएसचा आकडा) द्यायचं सोडून दिलं, क्वालिटी धरून एन्कोड करतो, बिटरेटला वर फक्त मर्यादा ठेवतो.

आणि खरी बचत सुचवली ती कीर्तनं बघणाऱ्या तात्यांनी. त्यांना म्हणलं, तात्या व्हिडिओ अडकत असंल तर क्वालिटी कमी करून बघा. तर म्हणले, "आरं, महाराजांचं तोंड काय बघायचंय मला, ऐकू आलं की झालं." डोकंच चाललं नव्हतं माझं! पिअरट्यूबमधे फक्त ऑडिओचा पर्याय आहेच, मी तो बंद करून ठेवला होता. ६४ केबीपीएसनं दोन तासाचं कीर्तन ५८ एमबीत बसतं, २०० जणांचे मिळून १२ जीबी पण नाहीत. तात्यांना प्लेअरमधलं सेटिंगचं चाक सापडंना, नातवानं लावून दिलं, आता कीर्तन ऐकत ऐकत बांधावर बसतात.

भारुडाला हा इलाज चालायचा नाही, ते डोळ्यानंच बघायचं असतं. परवाचं १८ जीबीचं भारुड रांगेत पडलंय, ६२ टक्क्यावर आलं होतं, तेवढ्यात इन्व्हर्टरच बसला.