तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांना ‘हो’च म्हणायचं का?

चर्चच्या तरुण संघातली मुलं मला हे कायम विचारतात, कधी उपासना संपल्यावर, कधी रात्री उशिरा मेसेज करून, की ताई, ख्रिस्ती माणसाने स्वतःचा विचार करायचाच नाही का, मग मला कंटाळा येतो, राग येतो, नाही म्हणावंसं वाटतं, त्याचं काय करू? मी दरवेळी तुकड्या-तुकड्यात उत्तर देते, आज नीट सांगते.

१७ वर्षांची असताना मी सगळ्याला हो म्हणायचे. खुर्च्या लावायला मी, संडे स्कूलला मी, गायनात कोणी कमी पडलं तर तिथेही मीच. आणि घरी आजीने दुसऱ्यांदा पाणी मागितलं की माझा आवाज चढायचा. एका कार्यक्रमात आभार मानताना माझं नाव घ्यायचं राहिलं, कोणी मुद्दाम नाही केलं, गडबडीत राहिलं, पण मला ते इतकं लागलं की दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. आपण हे सगळं कोणासाठी करत होतो हा प्रश्न तेव्हा पडला, आणि उत्तर काही बरं नव्हतं.

त्याच दिवसांत बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय वाचत होते, येशूने शिष्यांचे पाय धुण्याचा. लहानपणापासून ऐकलेला, पण यावेळी ३ऱ्या वचनाशी अडकले. आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातोय हे येशूला माहीत होतं असं आधी लिहिलंय, आणि मग तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी ओततो. आपण कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे दासाचं काम करताना त्याचं काहीच कमी होत नव्हतं. माझं नेमकं उलटं चाललं होतं, मी कामं करून करून आपण कोणीतरी आहोत हे मिळवायला बघत होते, म्हणून एक नाव राहिलं तर सगळंच गेल्यासारखं वाटलं. आणि हो, त्या जेवणाला यहूदा पण होता, येशूला धरून देणारा शिष्य. येशूला सगळं माहीत असताना त्याचेही पाय धुतले गेले. पेत्र नावाचा शिष्य निदान ‘माझे नको’ म्हणून आढेवेढे तरी घेतो, यहूदाचं तर एक वाक्यही तिथे नाही, तो थोड्या वेळाने घास घेऊन बाहेर पडतो आणि तेव्हा रात्र असते. मी या जागी अजूनही थांबते.

आता ‘नाही’ म्हणण्याबद्दल. प्रेषित पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावातल्या मंडळीला, लिहितो की आपलंच हित पाहू नका, दुसऱ्यांचंही पाहा. तो ‘ही’ मी पेनने गोल केलाय. स्वतःकडे बघूच नका असं तो म्हणत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधारात एकटा प्रार्थनेला जातो, शिष्य शोधत येतात, म्हणतात सगळे तुला शोधताहेत, आणि तो म्हणतो चला, आपण दुसऱ्या गावांत जाऊ. म्हणजे लोक वाट बघत होते, गरज खरी होती, तरी तो परत गेला नाही! प्रार्थनेतून उठल्यावर आपलं काम कोणतं हे त्याला स्पष्ट होतं. येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनीसुद्धा बघा, वाटेत पडलेल्या अनोळखी जखमीला उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार (तेव्हाची नाणी) देतो, परत येताना बाकीचं देईन म्हणतो आणि आपल्या वाटेला लागतो. म्हणून अभ्यास किंवा झोप सोडून प्रत्येक कामाला धावायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र जरा जोरात सांगते. ‘ख्रिस्ती आहेस ना, मग सहन कर’ असं म्हणून कोणी तुम्हाला त्रास देत असेल, घाबरवत असेल, तर ते गप्प बसून सोसायचं नाही, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. प्रभूने स्वतःचा जीव स्वतःहून दिला, त्याच्याकडून कोणी हिसकावून नाही घेतला, हे त्याने स्वतः सांगितलंय, म्हणजे स्वतःहून देणं वेगळं आणि कोणी धाकाने घेणं वेगळं.

मी सध्या काय करते? फार काही नाही. कोणी बोलत असेल तर फोन उलटा ठेवते. आठवड्यातून एक काम असं करते जे कोणालाच सांगायचं नाही, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये ना, तसं. सुरुवातीला हे फार जड गेलं, पोटात ठेवणं जमायचं नाही, आईला तरी सांगावं असं व्हायचं.

आजी अजूनही दुसऱ्यांदा पाणी मागते. उठताना चिडचिड होते, खोटं कशाला बोलू, मग स्वयंपाकघरात जाईपर्यंत छोटीशी प्रार्थना करते, प्रभू, हे माझ्या चेहऱ्यावर तिला दिसू देऊ नको. आणि ग्लास भरते.